मायलेज वाढवण्याचे पाच उपाय, आणि त्यांतलं खरं किती

पहाटे पेट्रोल भरा, जास्त ऑक्टेनचं वापरा, उतारावर गाडी न्यूट्रल करा, टॉप गिअर सोडू नका, कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू आवळा, की मायलेज झटक्यात वाढेल, असा मेसेज सतत फिरतो. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी माणूस घेतो ती खर्चाचा मेळ बसवायला. त्याच्या गळ्यात असले सल्ले मारलेले मला बघवत नाहीत.

पहाटेचं पेट्रोल: थंडीत पेट्रोल आकसतं हे खरं, पण एका अंशाला साधारण 0.1 टक्का. त्यातही पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी पाच लिटरमागे 10 मिलीलिटर. त्यासाठी झोपमोड करू नये.

ऑक्टेन: हा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. इंजिनात दाबाखाली ते अवेळी पेटू नये, एवढीच क्षमता तो सांगतो. तुमच्या गाडीला साधं पेट्रोल चालतं असं पुस्तिकेत लिहिलं असेल, तर जादा पैसे वाया.

उतारावर न्यूट्रल: हा सल्ला धोक्याचा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो अशा गाडीत, गिअर टाकलेला असताना थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण सोडला, की इंजेक्टर बहुधा पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. कार्बोरेटरच्या गाडीत थोडं वाचेलही, पण गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जे रोखून धरतं, तो इंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो आणि लांब घाटात ड्रम तापला की ब्रेक लागेनासा होतो. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. काही जुन्या गाड्यांचा हेडलाइटही त्याबरोबर विझतो.

टॉप गिअर: लवकर गिअर बदलणं चांगलंच. पण वेग पडल्यावर गाडी खडखडत, धक्के देत ओढत असेल, तर खालचा गिअर टाकायलाच हवा. नाहीतर थ्रॉटल जास्त पिळावा लागतो आणि मार बेअरिंगला बसतो.

आता कार्बोरेटरचा स्क्रू. तो दोन प्रकारचा असतो. एक हवा नियंत्रित करतो, आवळला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. दुसरा मिश्रण नियंत्रित करतो, आवळला की पेट्रोलचं प्रमाण घटतं. म्हणजे डोळे झाकून आवळलात तर मायलेज उलट घटूही शकतं. शिवाय त्याचा परिणाम मुख्यतः आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) आणि किंचित उघडलेल्या थ्रॉटलपुरताच. मिश्रणात पेट्रोल फारच कमी पडलं तर गाडी थंडीत सुरू व्हायला त्रास देते, इंजिन तापतं. प्लग काढून बघा: टोकाचा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण फार पातळ झालंय.

पेट्रोल खरं कुठे जातं? गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. घसघस आवाज करत चटकन थांबलं, तर ब्रेक घासतोय किंवा चेन कोरडी नाहीतर फार ताणलेली आहे. ब्रेकचा नट थोडा सैल करा, पेडलचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) पुस्तिकेप्रमाणे ठेवा, चेन पुसून तेल द्या, पुन्हा फिरवा. फरक हाताला कळतो. टायरची हवा गाडी थंड असताना पुस्तिकेतल्या आकड्याइतकीच भरा. जास्त भरली तर ओल्या रस्त्यावर पकड जाते. आणि वेग आवरा: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 45 ऐवजी 65 ने गेलात तर तो दुपटीच्या वर जातो.