अठराव्या मिनिटाची मिशी

गेल्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझी मिशी गेली. सलूनवाल्या बापूच्या मते त्याला कारण आबा. आबांच्या मते कारण लेहमान. लेहमान हा जर्मन माणूस, गोलकीपर, आणि ज्या चुकीबद्दल आबा बोलतात ती त्यानं 2006 साली पॅरिसला केली. मिशी कोल्हापुरात गेली. दाढीचे पैसे मात्र मी एकट्यानं भरले.

आदल्या रात्री आर्सेनल, माझी लाडकी फुटबॉल टीम, हरली होती. कोणाकडून ते विचारू नका, मीही सांगणार नाही. जिंकली की माझा फोन मेल्यासारखा पडून असतो. हरली की पहाटेपर्यंत वाजतो. या वेळी चौदा मेसेज होते. एकानं तर क्लबच्या चिन्हाला हार घालून, खाली दोन समया लावून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा फ्लेक्स बनवून पाठवला. कोल्हापुरात फ्लेक्स बनवायला वाढदिवसही पुरतो आणि मयतही, त्यामुळे हात बसलेला असतो. शोकाकुल म्हणून खाली पाच मित्रांची नावं होती. त्यातले दोघे माझ्याकडून उसने पैसे नेलेले.

तर सकाळी दाढी करायला निघालो. अंगात तांबडी, पांढऱ्या बाह्यांची जर्सी. ती मुद्दाम घातली नव्हती. "बाकीचं समदं भिजत हाय, मी आता दमलो, काय असंल ते घाला आणि जावा," असं बायकोनं सांगितलं होतं. आमच्याकडं बायका दमल्या तरी 'दमलो'च म्हणतात, त्यामुळं वाद घालायला जागा राहत नाही.

सलूनमध्ये रविवारची गर्दी. आबा नेहमीच्या कोपऱ्यात. आबांची दाढी घरी होते, कटिंग महिन्यातनं एकदा, पण पेपर रोज बापूकडं. वय अठ्ठ्याहत्तर. पेठेतल्या तालमीची (आमच्याकडं फुटबॉलची टीमही तालमीच्याच नावानं असते) प्रत्येक फायनल त्यांनी गॅलरीच्या त्याच पायरीवर बसून पाहिली, असं ते स्वतःच सांगतात. बापूनं माझ्या तोंडाला फेस लावला, तेवढ्यात आबांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"कोण गेलं रं?"

"कोण न्हाई ओ," बापू म्हणाला, "ह्येची टीम हरली रात्री. आर्सेनल."

"कुठली पेठ?"

"लंडन," मी फेसातून म्हणालो.

"लंडन कळलं. लंडनात पेठ कुठली?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मनापासून विचारणारा माणूस वर्षातून एखादाच भेटतो. मी सांगायला लागलो. की ही टीम मूळची लंडनच्या दक्षिणेकडची, वुलिचची. तिथल्या तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी 1886 साली काढलेली. मग 1913 साली थेम्स नदी ओलांडून उत्तरेला, हायबरीला आली.

आबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला.

"म्हंजे तालीम उचलून दुसऱ्या पेठंत न्हेली?"

"हो."

"आणि तितं आधीची तालीम न्हवती?"

"जवळच होती ना. टॉटेनहॅम. त्यांचा अजून राग आहे."

"असणारच की! माझा बी असता!" आणि त्या मिनिटाला आबा टॉटेनहॅमचे झाले. शंभर वर्षांहून जुनं भांडण त्यांनी अंगावर घेतलं. उद्या शिवाजी पेठेतली तालीम मंगळवार पेठेत जाऊन बसली तर काय होईल, याचा त्यांनी मनातल्या मनात अंदाज घेतला असावा, कारण त्यांच्या कपाळावर घाम आला.

"मग आता तितंच हाय न्हवं?"

"नाही. 2006 साली तेही मैदान सोडलं. जवळच नवीन बांधलं."

"नाव काय?"

"एमिरेट्स."

"ह्ये कुठल्या राजाचं नाव?"

"विमान कंपनीचं आहे, आबा."

बापूचा वस्तरा थांबला. आबा बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. ज्या गावात स्टेडियमला शाहू महाराजांचं नाव आहे, तिथल्या माणसाला विमान कंपनी पचायला वेळ लागतो. मग ते शांतपणे म्हणाले, "मग हरणारच की बाळा. त्यात त्या पोरांचा काय दोष?"

याच्यावर मला बरंच बोलायचं होतं, पण वस्तरा गळ्याशी होता. आणि तेवढ्यात आबांनी तो प्रश्न विचारला: "सगळ्यांत वाईट हार कुठली?"

ऑपरेशन झालेल्या माणसाला टाके दाखव म्हणावं, तशातला हा प्रश्न. शर्ट आधी वर जातो, लाज मागनं येते. जिंकलेले सामने मला धड आठवत नाहीत. हरलेले मात्र तारखेनिशी तोंडपाठ आहेत. 10 मे 1995 ला पॅरिसमध्ये सारागोसाच्या नायिमनं जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला लांबून, जवळजवळ मध्यरेषेवरनं, डोक्यावरून टाकलेला चेंडू. तो मी तेव्हा पाहिलेलाही नाही, नंतर ऐकून त्याचं दुःख करून घेतलं. 2000 साली कोपनहेगनला गालातासारायकडून पेनल्टीवर. 2011 मध्ये लीग कपच्या फायनलला बर्मिंगहॅमविरुद्ध, 89 व्या मिनिटाला, आमचाच बचावपटू आणि आमचाच गोलकीपर एकमेकांकडं बघत राहिले आणि त्यांच्या मार्टिन्सला फक्त पाय लावायचं काम उरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टरला 8-2. त्या 8-2 च्या वेळी मी सासुरवाडीला होतो आणि हसऱ्या चेहऱ्यानं श्रीखंड खात होतो.

माझा एक मावसभाऊ मिलान या इटलीच्या टीमचा भक्त. 25 मे 2005 ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेच्या फायनलला, मध्यंतराला मिलान 3-0 नं पुढं, म्हणून हा गडी निवांत झोपला. सकाळी उठून दूधकट्ट्यावरनं येताना अर्धा किलो पेढे आणले आणि वाटत सुटला. लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तीन गोल फेडून पेनल्टीवर कप नेल्याचं त्याला चौथ्या घरी कळलं. तोवर तीन घरांनी पेढे खाल्ले होते. ती माणसं अजून त्याला विचारतात, "पुढचे पेढे कधी?" मिलाननं दोनच वर्षांनी त्याच लिव्हरपूलला फायनलमध्ये हरवलं, तेव्हा यानं भीतीनं साखरसुद्धा वाटली नाही.

आणि 2014 चं काय सांगायचं? विश्वचषक आला की अर्धं कोल्हापूर ब्राझील आणि अर्धं अर्जेंटिना होतं. आमच्या गल्लीत दोन मजली पिवळा झेंडा. 8 जुलैच्या सेमीफायनलला जर्मनीनं 29 मिनिटांत पाच गोल घातले, शेवटी 7-1. सकाळी झेंडा उतरवायचा होता, पण शिडी अर्जेंटिनावाल्याची. त्यानं पाच दिवस दिली नाही. मग 13 तारखेला अर्जेंटिनाविरुद्धच्या फायनलमध्ये जर्मनीच्या गोत्झेनं 113 व्या मिनिटाला गोल घातला आणि तो गडी शिडी घेऊन आपला झेंडा काढायला चढला. खालनं ब्राझीलवाल्यांनी शिडी धरली होती. ती फारशी नीट धरली नव्हती.

तर विषय मिशीचा. मी पॅरिस निवडलं. 17 मे 2006, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बार्सिलोना. त्या आधी सलग दहा सामने आमच्यावर युरोपात गोल नाही. सेमीफायनलला विलारेयालच्या रिकेल्मेची पेनल्टी आमच्या कीपरनं, याच लेहमाननं, शेवटच्या घटकेला अडवलेली. आणि फायनलच्या 18 व्या मिनिटाला त्यांचा एटो एकटा चेंडू घेऊन सुटला, लेहमान पुढं धावला आणि पेनल्टी बॉक्सच्या बाहेर त्याला आडवा केला. लाल कार्ड.

"थांब," आबा उठले. "कसा आडवा केला?"

"हातानं पाय ओढला, आबा. राहू द्या."

"राहू द्या कसं? बगितल्याबिगर कळणार कसं?"

पुढचं दीड मिनिट मी आरशात पाहिलं. आबांनी स्टूल दाराशी ठेवलं: हा गोल. पाण्याच्या फवाऱ्याची बाटली: हा चेंडू. नंबर लावून बसलेल्या कॉलेजच्या पोराला एटो केलं. ते पोरगं आधी लाजलं आणि मग एकदम अंगात आल्यागत कंगव्याच्या ट्रेवरून वळसा घेऊन सुटलं. आबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोपऱ्यातून झेपावले. झेप फुटबॉलची राहिली नाही, वाटेत कुस्तीची झाली. त्यांनी पोराचा पट काढला. पोरगं स्टुलावर, स्टूल पावडरच्या डब्यावर, डबा हवेत. बापू गर्रकन वळला. वळताना त्यानं एका हातात माझं नाक धरलेलं होतं आणि दुसऱ्या हातात मिशीची कड कोरणारा वस्तरा.

शिट्टी कुणी वाजवली नाही.

डाव्या बाजूची पाव इंच गेली. मग बरोबरी साधायला उजवीची. मग उजवी जास्त गेली म्हणून पुन्हा डावीची. बार्सिलोनाही त्या रात्री अशीच आली होती. आधी दहा जणांनिशी आम्ही 37 व्या मिनिटाला कॅम्पबेलच्या हेडरनं पुढं होतो. मग 76 व्या मिनिटाला एटो, आणि चारपाच मिनिटांत बेलेट्टी, ज्यानं बार्सिलोनासाठी आयुष्यात तेवढा एकच गोल घातला. तो बिचारा काही मुद्दाम शोधत आला नव्हता. ओठावर माशीएवढं काहीतरी उरलं तेव्हा मी म्हटलं, तेही काढ.

इकडं पावडरीच्या धुरळ्यात आबा निकाल देत होते. "चेंडू फुडं गेला का न्हाई?"

"गेला. त्यांच्या जुलीनं जाळ्यात पण मारला. पण रेफरीनं आधीच शिट्टी वाजवली होती."

"मग रेफरी चुकला! गोल द्यायचा, गडी आत ठेवायचा. एक गोल पडला असता, पण अकरा राहिली असती. आणि बाहेर कोण गेला त्याच्या जागी?"

"लेहमान तर गेलाच. पण दुसरा कीपर आत घ्यायला पिरेसला काढलं. त्याचा आमच्याकडनं तो शेवटचा सामना. अठरा मिनिटांत संपला."

यावर मात्र आबांचे डोळे खरंच भरले. पिरेस त्यांना कळला. दुसऱ्याच्या चुकीनं बाहेर बसणारा गडी प्रत्येक तालमीत असतो. मग त्यांनी त्यांची हार काढली: फायनल, शेवटची दोन मिनिटं, 0-0, आणि त्यांच्या कीपरच्या हातून निसटलेला साधा चेंडू. वर्षभर तो कीपर बोळातनं घरी जायचा. अजून त्याच्या घरात लाडू वळायला घेतले की म्हातारी म्हणते, "ह्येच्या हातात देऊ नगा, सुटंल."

मी हसलो. बिनमिशीचं हसू आरशात फारच उघडं दिसलं. त्यावर आबांनी जे म्हटलं ते मला अजून टोचतंय. "तुझी हार टीव्हीवरची रं. तुला ऊन लागलं का? तिकिटाला रांग लावलास का? काठी खाल्लास का? सुतक कसलं धरतोस, नात्यात न्हाई गोत्यात न्हाई."

आता हे मला सलूनमधल्या सात माणसांसमोर ऐकावं लागलं. आबा, मीही शाहू स्टेडियमवर वाढलोय. दुपारी चारच्या उन्हात त्या तापलेल्या पायऱ्यांवर पेपर टाकून बसलोय. मी यायचं सोडलं ते काही लंडनच्या प्रेमापायी नाही. मोठ्या सामन्याचा शेवट काय होणार ते निकालाआधीच कळायला लागलं. बाटल्या, दगड, मग पळापळ, मग पोलिसांच्या काठ्या आणि आठवडाभर दोन पेठा एकमेकींकडं डोळे वटारून. एकदा पाण्याची भरलेली पिशवी माझ्या टाळक्यात फुटली. ती आपल्याच पेठेकडनं आली होती, आबा. मला तेवढं सोसतं म्हणणाऱ्यांनी खुशाल सोसावं.

आणि 2017 साली सतरा वर्षांखालच्यांच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. तिन्ही मी टीव्हीवरच पाहिले. कोलंबियाविरुद्ध जीक्सनसिंगनं डोक्यानं गोल घातला, तेव्हा मी घरात एवढा ओरडलो की खालच्या काकू सिलिंडर फुटला म्हणून बाहेर आल्या. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल घातला. ते दुःख नात्यातलं का गोत्यातलं, हे आबांनीच सांगावं. आमच्या लहानपणी चपलांचे गोल मांडायचो त्या मोकळ्या जागेत आता चारचाकी लागतात आणि पोरं बोळात खेळतात. बोळात बचाव चांगला शिकता येतो, कारण दोन्ही बाजूंना भिंतच असते.

यातलं काही मी त्या वेळी बोललो नाही. तोंडावर तुरटी चालली होती. बापूनं दाढीचे पूर्ण पैसे घेतले. मिशीचे घेतले नाहीत आणि तेवढ्यावर तो उपकार केल्यासारखा बघत होता. वर म्हणाला, "वय कमी दिसायलंय." घरी गेलो तर बायकोनं दार उघडून, "ते बाहेर गेलेत," असं सांगितलं आणि दार लावलं.

ऑफिसात तीन दिवस निभावले. परवा संध्याकाळी मिरजकर तिकटीला भाजी घेत होतो. मागनं नातवाच्या गाडीवर बसून आबा आले. गाडी थांबवली नाही, पण हात वर करून ओरडले, "काय लेहमान! उगवली का?" भाजीवालीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. कोपऱ्यावरच्या दोन पोरांनी लगेच ते नाव पकडलं.

आमच्या पेठेत एकदा चिकटलेलं नाव तीन पिढ्या सुटत नाही. एका घराला अजून 'घसरे' म्हणतात. त्यांचा आजोबा कधीतरी कॉर्नरला घसरला होता, आणि आता त्यांच्या लग्नपत्रिकेत कंसात तेच छापतात. माझा मुलगा सातवीत आहे. काल रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, मला वर्गात लेहमानचा म्हणायलेत. तो चांगला होता का?"

म्हटलं, रिकेल्मेची पेनल्टी अडवलेली त्यानं. ते सांग सगळ्यांना.