टाइड? कृष्णेला?

परवा सांगलीत एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या काकांच्या हाती माईक लागला. "आमचा मुलगा कायम अगेन्स्ट द टाइड गेला!" काय केलं म्हणे? इंजिनिअरिंग सोडून एमबीए. वडिलांच्या पैशानं. टाळ्या!

अहो, टाइड म्हणजे भरती. समुद्राची! आपल्या कृष्णेला भरती येत नाही, पूर येतो. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा कोण पोहत होतं उलटं? सगळे गच्चीवर बसून बोटीची वाट बघत होतो की!

पण नाही. भडंगात शेंगदाणे नकोत, अगेन्स्ट द टाइड. लग्नात बूट न घालता चप्पल घातली, अगेन्स्ट द टाइड. आमच्या अपार्टमेंटमध्ये नऊ जणांनी नको म्हटलेला गुलाबी रंग दहाव्यानं जिन्याला फासला, वर हेच ऐकवलं. याला आमच्याकडे आडमुठेपणा म्हणतात!

लोकविरोध बघायचाय? टेंभूच्या आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती लोकांनी. नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात शाळेला जाताना शेणमातीचे गोळे झेलायच्या. त्यांना कुणी माईक दिला नव्हता. आणि तुम्हाला विरोध कुणी केला? आत्याबाईंनी नाक मुरडलं, एवढंच ना?

बरं, "कुणाला जुमानलं नाही" एवढं म्हणायला जीभ झडते का? छे! काकांनी पुन्हा "टाइड" म्हटलं, तोवर पंगतीतली भजी पार गार पडली होती.