भरला की उचलते

आज तिसऱ्यांदा मेसेज आला. 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत कोरडा ठणठणीत रस्ता आणि कडेला गुलमोहर. आमच्या गल्लीत गुलमोहर नाही. कधीच नव्हता. एक शेवगा होता, तो ड्रेनेजची लाइन टाकताना तोडला, आणि ती लाइन अजून कशालाच जोडलेली नाही.

बारा दिवस झाले, घरासमोर पिण्याच्या पाण्याची लाइन फुटली आहे. पाणी सुटलं की आमच्या नळाला करंगळीएवढी धार आणि रस्त्यावर ओढा. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला त्याच पाण्यात गाड्या धुतो. त्याला तरी काय बोलणार.

तर आज रजा टाकून क्षेत्रीय कार्यालयात गेले. कुठल्या शहराचं ते लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "तुमचं ते वाढीव हद्दीत ना?" आमचं गाव शहराची हद्द वाढवून महापालिकेत घेतलं, म्हणून वाढीव हद्द! चारशे वर्षांचं भैरोबाचं देऊळ आहे आमच्याकडे, आजोबांच्या आजोबांची समाधी आहे, आणि आम्ही कुणाच्या तरी कागदावर वाढीव. जेवणात उरलेल्या भातासारखे.

मग उत्तरं मिळाली. साहेब साइटवर आहेत. कोणत्या साइटवर? माहीत नाही. पाण्याचं आमच्याकडे नाही, पाणीपुरवठ्याचं ऑफिस वेगळं, ते पाच किलोमीटरवर. तिथे गेले तर दुरुस्तीच्या कामाची मुदत संपलीय, नवं टेंडर वरून यायचंय. वर म्हणजे कुठे? त्या बिचाऱ्या माणसाने खरंच छताकडे बोट केलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग हंडा कुणाच्या ओट्यावर ठेवायचा?"

हंड्याची गोष्ट मी इथे पूर्वी लिहिली असेल. परत लिहिते. ज्यांनी वाचली आहे त्यांनीही परत वाचा.

2003 चा उन्हाळा. सलग दुसरं दुष्काळी वर्ष. गावात तेव्हा ग्रामपंचायत होती आणि बायकांच्या राखीव जागेवर अक्का सरपंच झाल्या होत्या. आमच्या घरापासून सहावं घर त्यांचं. मेच्या मध्यावर अशीच लाइन फुटली आणि तीन दिवस नळाला पाणी नाही. चौथ्या दिवशी पहाटे आईने पितळी हंडा घेतला, अक्कांच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि शेजारी बसली. रिकामा हंडा. अक्का भाकऱ्या थापत होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "अगं काय झालं?"

"काही नाही अक्का. भरला की उचलते."

बास. भांडण नाही, अर्ज नाही, आरडाओरडा नाही. तासाभरात तिथे सात हंडे झाले. पाणी सोडणारा शिपाई शेजारच्या गावात लग्नाला गेला होता, त्याला मोटरसायकलवरून उचलून आणला. तो डोक्याला फेटा तसाच ठेवून खड्ड्यात उतरला. अक्कांच्या मालकांनी स्वतः टिकाव मारला, कारण त्यांची आई आतून ओरडत होती, "मला गावात तोंड दाखवायचंय अजून!" फुटलेल्या जागी सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली, वर तार आवळली. अकराच्या सुमाराला नळाने आधी हवा सोडली, मग गढूळ, मग पाणी. आईने हंडा भरला आणि उचलला.

ती ट्यूबची पट्टी पुढे चार वर्षं टिकली. इंजिनिअर मित्र हसतील. हसा.

मला एवढंच म्हणायचंय की लाज वाटायला ओळख लागते. अक्कांना लाज वाटली, कारण त्या सात हंड्यांच्या मालकिणी त्यांना रोज दिसणार होत्या. गिरणीत, देवळात, हळदीकुंकवाला. छताकडे बोट करणाऱ्या माणसाला माझी लाज का वाटावी? तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, आणि तीन वर्षांनी त्याची बदली होणार. कारभाराचं माप लोकसंख्येत मोजतात, चौरस किलोमीटरमध्ये मोजतात. घरून ओट्यापर्यंत पावलं किती, हे कुणीच मोजत नाही.

आणि कृपा करून 'मोठं शहर म्हणजे मोठा निधी' हे मला कुणी सांगू नका. घरपट्टी वाढली ती लगेच. त्याला टेंडर लागलं नाही. पूर्वी घराचा नमुना आठचा उतारा पाहिजे असला तर ग्रामसेवक चहा पिता पिता द्यायचा. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, 2024 पासून. काम तेच, पाटी लांब.) चौदाव्या वित्त आयोगाने तर पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात द्यायला सुरुवात केली होती. आमच्या वाट्याला दोन-तीन हप्ते आले. आले किती, खर्च किती, ते फळ्यावर लिहिलेलं असायचं. चुकीचं लिहिलेलं असायचं, हेही मान्य. पण चुकीचं आहे हे आम्हाला कळायचं, आणि ग्रामसभेत दोन म्हातारे उठून मोठ्याने सांगायचे! वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, कायदाच आहे. महापालिकेत मी कुठे उठून उभी राहू? मुख्य सभेत प्रेक्षक गॅलरीचा पास काढू?

73 वी घटनादुरुस्ती काय म्हणून केली होती मग? 24 एप्रिल 1993 ला ती लागू झाली, दरवर्षी त्या तारखेला पंचायत राज दिन म्हणून हारतुरे होतात, 29 विषय गावाकडे द्यायचे म्हणून यादी आहे. त्याच्याही आधी, 1 मे 1962 ला, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्याही सत्ता मुंबईतून खाली यावी म्हणूनच ना. आणि शहर वाढलं की एका अधिसूचनेत हे सगळं पुसून टाकायचं. सरपंच, सदस्य, ग्रामसभा, फळा, सगळं. हरकती मागवतात म्हणे. मागवतात आणि ठेवतात.

बरं, गेलो आम्ही शहरात, तर तिथे तरी कुणी आपलं असावं. मुंबई सोडली तर महाराष्ट्रातल्या महापालिकांत एका प्रभागाला बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. चौघं म्हणजे कुणीच नाही. प्रभागातल्या चार जागा अ, ब, क, ड. पाण्याचं विचारलं की 'ड' कडे जा, 'ड' म्हणतो 'अ' ने सांगितलंय मी बघतो म्हणून. आणि मध्ये तर तेही नव्हते. राज्यातल्या कितीतरी महापालिकांच्या मुदती 2020 ला संपल्या, पुण्या-मुंबईसारख्यांच्या 2022 ला, आणि निवडणुकांना 2026 उजाडलं. तोवर प्रशासक. कोल्हापूर, नवी मुंबईत पाच वर्षांहून जास्त. एक अख्खी टर्म लोकांनी निवडलेलं माणूस नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही! ज्यांचं अडलं ते टँकरच्या रांगेत होते, त्यांना विचारतो कोण.

कल्याणजवळची 27 गावं बघा. 1983 ला महापालिकेत घातली, 2002 ला बाहेर काढली, 2015 ला परत आत, 2020 ला त्यातली 18 बाहेर काढायचा निर्णय, तो हायकोर्टात रद्द. माणसं राहतात तिथे, कॅरमच्या सोंगट्या नाहीत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 ला पुण्यात गेली आणि पुन्हा बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कोल्हापूरच्या हद्दीत 1972 ला महापालिका झाल्यापासून एक गाव वाढलेलं नाही, कारण आसपासची गावं दर वेळी हद्दवाढ म्हटलं की रस्त्यावर उतरतात. कोल्हापूर शहरातले मित्र त्या गावांना मागासलेली म्हणतात, हद्दवाढ नाही म्हणून शहराला निधी नाही म्हणतात. म्हणू देत. तुमच्या निधीसाठी त्यांचा ओटा का जावा?

हो, आता कुणीतरी नवी मुंबईजवळच्या 14 गावांचं काढणार. ती 2007 ला आंदोलन करून बाहेर पडली आणि पुढे आपणहून परत आत घ्या म्हणाली. काढा. खरं आहे. सोयी हव्यातच माणसाला, शाळा हवी, दवाखाना हवा. मैलाशुद्धीकरण केंद्र गावाच्या बापाला बांधता येणार नाही, हेही कबूल.

आणि अजून एक, जे मला लिहायला आवडत नाही. आमच्या गावात नळ आधी वरच्या आळीला आला. खालच्या वस्तीला तो यायला सहा वर्षं गेली, आणि तेव्हा पंचायत आमचीच होती. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याला अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा म्हटलं होतं, ते माझी मैत्रीण मला दर वेळी ऐकवते. तिचं घर खालच्या वस्तीत होतं. त्या दिवशी ओट्यावरच्या सात हंड्यांत तिच्या आईचा हंडा नव्हता. मी तिला एकदा विचारलं, का गं नव्हता. ती म्हणाली, "ठेवू दिला असता का?"

मी गप्प बसले. आत्ता लिहितानाही थांबले होते दहा मिनिटं.

तरीपण. तरीपण म्हणते. पुढे राखीव जागेवर तिच्याच वस्तीतला सरपंच झाला आणि पहिल्या वर्षात खालची लाइन आली, ती काही वरून कुणाला दया आली म्हणून नाही. माप हातात होतं म्हणून. आता तिच्या आणि माझ्या दोघींच्या नळाला सारखंच पाणी नाही, अशी समता आलीय शहरात. ती हे वाचून मला फोन करेल आणि झापेल. कर.

अक्कांबद्दलही सांगते, कारण कुणीतरी 'सरपंचपती' म्हणून टोमणा मारणारच. पहिलं वर्षभर सह्या त्यांच्या आणि कारभार मालकांचा, सगळ्या गावाला माहीत होतं. हंड्यांच्या दिवसानंतर मात्र बायका मालकांकडे जाईनात, थेट चुलीपाशी जायच्या. पुढच्या ग्रामसभेत अक्का पहिल्यांदा उभ्या राहून बोलल्या. चार वाक्यं. मी दारातून ऐकली होती, पाणीपट्टी कुणाकुणाची थकली आहे त्याची यादी होती ती. त्यात त्यांच्या सख्ख्या दिराचं नाव पहिलं होतं! दिराने दुसऱ्या दिवशी भरली.

खिडकीतल्या त्या मुलीवर मी आज आवाज चढवला. चढवायला नको होता. ती कंत्राटी आहे, तिच्या गळ्यातल्या कार्डावर एजन्सीचं नाव होतं, पालिकेचं नाही. निघताना हळूच म्हणाली, "मॅडम, फोटो मी नाही टाकत. आम्हाला फक्त क्लोज दिसतं." तिचं गाव विचारलं. दोन वर्षांपूर्वी तेही हद्दीत आलंय. पाणी? "टँकर."

अक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे गेलेत. मालक गेले. घर तेच, ओटा तोच, फक्त समोर सोसायटीची भिंत आलीय त्यामुळे ऊन येत नाही. संध्याकाळी आई हंडा घेऊन तिकडे गेली होती, मुद्दाम, गंमत म्हणून. तोच पितळी हंडा, आता त्यात आम्ही तांदूळ ठेवतो, तो आज रिकामा करून नेला. अक्का म्हणाल्या, "माझ्याकडे काय ठेवतेस, मीच कुणाकडे ठेवू ते बघतेय." दोघी हसल्या म्हणे. मला नाही हसू आलं.

उद्या चौथी तक्रार टाकणार आहे. फोटोत यावेळी भैरोबाचं देऊळ येईल असा काढलाय, म्हणजे गुलमोहर घालायला जागा नको.

टँकरचा हॉर्न वाजला. खिडकीतून दिसतंय, अक्का निळा ड्रम ढकलत बाहेर आल्यात आणि माजी सरपंचांचा रांगेत नववा नंबर आहे. जाते, त्यांना उचलवणार नाही तो.