आधी तुमच्या खोलीबद्दल विचारायला हवं होतं

ताई, नमस्कार. मी दुकानाचा मालक, उत्तर स्वतः लिहितोय. आकाशवाणीच्या उद्घोषक ऑडिशनचा सराव आणि घरून व्हॉइसओव्हर, यासाठी तुम्ही आमच्याकडून कंडेन्सर माईक नेलात. त्यात पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, शेजारच्या कुकरची शिट्टी सगळं येतं, भाचीच्या साध्या कॉलर माईकवर याहून स्वच्छ आवाज येतो, आणि आम्ही महागडा माल गळ्यात मारून परत घ्यायला नकार दिला, असं तुम्ही लिहिलंय.

गळ्यात मारला हे मनाला लागलं, पण चूक माझी आहे. तुम्ही आलात तेव्हा मी काम विचारलं, बजेट विचारलं. रेकॉर्डिंग कुठल्या खोलीत करणार, खिडकी कुठं उघडते, हे विचारलंच नाही. वर तो माईक ऐकवला आमच्या मागच्या खोलीत, जिथं भिंतींना फोम आहे. तिथं कुठलाही माईक गोडच वाटतो. राजारामपुरीत, रस्त्याला लागून असलेल्या घरी तो कसा वागेल, हे सांगणं माझं काम होतं.

माईक मात्र खराब नाही. तुम्ही पाठवलेली क्लिप मी हेडफोन लावून तीनदा ऐकली. दोन वाक्यांच्या मध्ये, तुम्ही श्वास घेता तिथं, पंख्याची टक्‌टक् अगदी ठेक्यात येते, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट फरशीवरून आपटून परत येतो. हा गोंगाट माईकचा नव्हे, ती तुमची खोली आहे. कंडेन्सरमधला पडदा फार पातळ असतो, त्याला डायनॅमिक या दुसऱ्या प्रकारच्या माईकसारखी तारेची गुंडाळी ओढायची नसते, म्हणून तो बारीकसारीक सगळं टिपतो. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, लागते ती याच रचनेमुळं.

आता तुम्ही टाकलेला फोटो. माईक तुमच्यापासून हातभर लांब आहे आणि तुम्ही खिडकीकडं पाठ करून बसला आहात. हा कार्डिऑइड माईक समोरचं जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. म्हणजे त्याचं तोंड तुमच्याबरोबर खिडकीकडंही आहे! टेबल फिरवा. खिडकी माईकच्या पाठीमागं येऊ दे, तिच्यावर जाड पडदा सोडा आणि तुमच्या मागच्या भिंतीवर वाकळ टांगा. दुसरं म्हणजे माईक वीतभर अंतरावर घ्या. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा आहे तेवढाच राहतो. मग गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवण्याची पातळी, खाली आणता येतो आणि त्याच्यासोबत पंखाही खाली जातो. भाचीचा कॉलर माईक स्वच्छ वाटतो त्याचं कारण हेच, तो हनुवटीखाली वीतभरावर असतो.

जवळ आल्यावर ‘फ’, ‘भ’ फुटतील आणि आवाज जरा जड होईल. पॉप फिल्टर, म्हणजे माईकपुढची जाळी, लावा, आणि माईक थेट ओठांसमोर न धरता किंचित बाजूला वळवा. आपल्या मराठीत ‘चाक’मधला ‘च’, ‘जरा’तला ‘ज’ दातांवरून येतो, तो अशा झगझगीत माईकवर टोचतो. बाजूला वळवल्यावर बराच मऊ होतो. बोलायचं माईकच्या उभ्या अंगात, छापील खूण असलेल्या बाजूनं. वरच्या टोकात नाही.

एवढं करूनही नाही जमलं तर डायनॅमिक घ्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. श्युअर एसएम ७ बी, इलेक्ट्रोव्हॉइस आरई २० हे रेडिओवाल्यांचे लाडके माईक डायनॅमिकच आहेत. पण ते जादू करत नाहीत. त्यांना अगदी तोंडाजवळ घेऊन बोलतात म्हणून खोली कमी येते. शिवाय एसएम ७ बीला जवळजवळ ६० डेसिबल गेन लागतो, माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या तुमच्या छोट्या इंटरफेसची दमछाक होईल. तुमच्यासाठी मी त्यापेक्षा साधा, स्वस्त डायनॅमिक काढून ठेवलाय.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आकाशवाणीच्या ऑडिशनला तुम्ही त्यांच्या स्टुडिओत, त्यांच्याच माईकसमोर बसणार. त्या सरावाला फोनचं रेकॉर्डिंगही पुरतं. घरच्या माईकवर खर्च करायचा तो व्हॉइसओव्हरच्या कामासाठी. तुमच्या क्लिपमधला आवाज खरोखर चांगला आहे, विशेषतः वाक्य संपवताना तो खाली पडत नाही.

परत घेण्याबद्दल: ‘वापरलेला माल परत होत नाही’ असं बिलावर छापलंय आणि काउंटरवरच्या मुलानं तेच सांगितलं. चूक आमची असताना तो नियम तुम्हाला लावणार नाही. बिल आणि माईक घेऊन या. बदलून देतो, किमतीतला फरक रोख परत. बदलण्याआधी हवं तर एखाद्या संध्याकाळी मी दोन्ही माईक घेऊन तुमच्या घरी येतो, त्याच टेबलावर एकच मजकूर दोन्हींवर वाचा आणि जो बरा वाटेल तो ठेवा. पैसे लागणार नाहीत.

कुठलाही ठेवलात तरी पावसाळ्यात उघड्यावर सोडू नका. आपल्याकडं जुलैत भिंती घामेजतात, आणि ओल धरली की कंडेन्सर कडकडायला लागतो. सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या दुकानात तुमच्या नावानं बाजूला ठेवल्यात. सोमवार सोडून कधीही या, मी असतोच.