काजळी वाढवा, वारा बदनाम करा

तर मंडळी, शेवटी तुम्ही ती रायफल घेतलीतच. १८७४ मॉडेलची शार्प्स, म्हणजे अर्थात आत्ता बनवलेली, पहारीएवढी जड नळी आणि .४५-७० मापाची काडतुसं. आता तुमच्या मनात आहे की अमेरिकेत न्यू मेक्सिकोत राटोनला असल्या जुन्या रायफलींच्या मॅचला जायचं, जिथे लोखंडी पत्र्याच्या कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे गोळीने पाडतात, आणि ५०० मीटरवरचा मेंढा आडवा पाडायचा. पाडा की, नको कोण म्हणतंय. पण इतक्या चांगल्या रायफलीतून गोळ्या झाडूनही मेंढा उभाच ठेवायचा याला खरी साधना लागते, आणि त्यातला माझा सहा वर्षांचा अनुभव आहे म्हणून सांगतो, फुकट सांगतो.

आधी काळी दारू समजून घ्या. (बंदुकीची. साताऱ्याच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही, तिला वाटतं पोरगा अमेरिकेत जाऊन दर रविवारी 'काळी' घेतो.) शोरा ७५, कोळसा १५, गंधक १० भाग, आपल्या भुईनळ्याच्या घराण्यातलीच. जळली की निम्म्याहून जास्त ऐवज वायू न होता घनच राहतो, त्यातला बराचसा धुरातून जातो आणि उरलेला नळीत बसतो. ही काजळी ओलसर आहे तोवर लोण्यासारखी, गोळी त्यावरून आरामात जाते, पण वाळली की दूध करपलेल्या पातेल्याचं बूड. आणि राटोन सहा हजार फुटांच्या वर, हवा कोरडी ठक्क, ऊन डोक्यावर, नळी तापलेली. तुम्ही काहीही न करता नुसते उभे राहिलात तरी काम होतं!

पण काही अतिशहाणे लोक असतात. ते रिकाम्या काडतुसाच्या बुडाला भोक पाडतात, त्यात प्लास्टिकची नळी बसवतात आणि ती चेंबरमधे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) घालून फुंकतात. अगदी आजीची चुलीपुढची फुंकणी, फक्त आजी विस्तव पेटावा म्हणून फुंकायची आणि हे श्वासातल्या वाफेने काजळी मऊ राहावी म्हणून. बरं फुंकतात ते मोजून, चार म्हणजे चारच, कोरडं जास्त असेल तर सात, आणि दोन शॉटच्या मधला वेळही सारखा. असला कारकुनी हिशोब तुम्ही ठेवू नका. कोंबड्यांना २०० मीटरवर उभं राहून मारायचं असतं, तिथे आधीच हात थरथरतात, तेव्हा दोन फुंकरी बास. ३०० च्या डुकरांना काठ्यांच्या फुलीवर रायफल टेकवून निवांत बसायला मिळतं तर तिथे दहा मारा, ३८५ च्या टर्कींना शेजारच्याशी गप्पा मारता मारता विसरून जा, आणि मेंढ्याला आठवलं की चक्कर येईपर्यंत फुंका.

याचाही कंटाळा आला तर नळी पुसायला गज आणि चिंध्या आहेतच. काही लोक दर शॉटनंतर पुसतात, एक ओली चिंधी, एक कोरडी, गज दरवेळी मागून घालून, आणि त्यांचंही छान चालतं. म्हणून तुम्ही दोन्ही करा पण आलटून पालटून, एक शॉट फुंकून, एक पुसून, एक तसाच रामभरोसे. पुसल्यावर चेंबर मात्र कोरडं करू नका हं, तिथे पाण्याचा थेंब राहू दे, पुढची गोळी कुठे जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खरं तर नळी स्वच्छ असावी की घाण हा वादच नाहीये, दर शॉटला ती सारखी असावी एवढंच आहे, पण हे मान्य केलं तर रविवारी दुपारी बोलायचं कशावर?

आता वंगण. शाळेत १८५७ च्या धड्यात काडतुसांना चरबी लावलेली होती हे आपण सगळ्यांनी घोकलं, पण मुळात लावायची कशाला हे आमच्या वर्गात कुणी विचारलं नाही. या काजळीसाठीच हो! ती एन्फिल्ड ठासणीची, चार बार काढले की नळी आवळायची आणि गोळी खाली जाईना. आजही तेच आहे, शिशाच्या गोळीच्या खाचांमधे मधमाशांचं मेण, वनस्पती तेल, चरबी असलं मऊ काहीतरी भरतात आणि ते नळीच्या टोकापर्यंत पुरावं लागतं. पुरलं की तोंडाशी वंगणाची ओलसर चांदणी उमटते, नाही पुरलं की शेवटच्या काही इंचांत काजळीचा दगड, त्यावर शिसं खरवडून बसतं, आणि मग पुढचं काडतूससुद्धा चेंबरमधे पूर्ण जाईना. म्हणून त्या चांदणीकडे बघूच नका. गॅरेजमधलं साधं पेट्रोलियम ग्रीस फासा, काळ्या दारूबरोबर त्याचं असं डांबर होतं की आपल्याकडच्या पीडब्ल्यूडीला हेवा वाटावा.

सामान मात्र भरपूर घ्या. मी तीन प्रकारची वंगणं, दोन प्रकारची दारू, २४ इंची ड्रॉप ट्यूब (काडतुसात दारू उंचावरून सोडायची नळी) आणि बॅलिस्टॉल या बंदूक पुसायच्या तेलाची बाटली एका महिन्यात घेतली आणि सगळं एकाच मॅचला एकदम बदललं. त्यामुळे नेमकं काय बिघडलं हे शोधायचा त्रासच वाचला. बॅलिस्टॉलच्या एका भागात सात भाग पाणी घातलं की ते हुबेहूब ताकासारखं दिसतं, आई आलेली असताना ती बाटली ओट्यावर ठेवू नका, कारण विचारू नका.

एवढं सगळं करून मेंढा उभा राहिला की दोष कुणाला द्यायचा? वाऱ्याला! वारा दिसत नाही, उलट बोलत नाही आणि रेंजवर कायम हजर असतो. इतिहासातली सबब हवी असेल तर १८७४ ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयरिश आणि अमेरिकन टीमची मोठी मॅच झाली, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. आयरिश लोकांकडे ठासणीच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन, निकाल ९३४ विरुद्ध ९३१. तीन पॉइंटांचा फरक, आणि त्यात एका आयरिश गड्याने चुकून दुसऱ्याच्याच टारगेटवर नेम धरून मधोमध मारलेली, गुण शून्य. तेव्हा तुमची गोळी फारच बाजूला गेली तर बेधडक सांगा की मी शेजारचाच मेंढा धरला होता.

घरी आलात की नळीत उकळतं पाणी ओता, सगळ्या घरभर सडक्या अंड्यांचा वास पसरेल तो गंधकाचा, त्यालाही वारा नाही म्हणून खिडकी उघडून काही होत नाही.

एक मात्र पथ्य पाळा, बायकोला स्पॉटर म्हणून नेऊ नका. मी मागच्या सीझनला नेलं. दुर्बिणीतून बघायचं आणि गोळी कुठे लागली ते सांगायचं एवढंच काम होतं, पण तिने पोरीची जुनी गणिताची वही आणली आणि रकाने आखले, शॉट, फुंकरी, वारा, कुठे. 'दोन फुंकरी, मेंढ्याच्या वरून. दहा फुंकरी, पोटाखालून. फुंकर नाही, शेजारच्याशी क्रिकेटवर गप्पा, धूळ उजवीकडे.' गाडीत बसल्यावर मी म्हटलं आज वारा फार वाईट होता. तिने न बोलता वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली, वाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ मारलेली होती.

वही मी जपून ठेवलीय. कुठे ते तिला अजून सापडलेलं नाही.