‘कविता काढा, संभाषण शिकवा’: एका फॉरवर्डला सोलापुरातून उत्तर

गेले काही आठवडे सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’ आहे, आणि लोक पाठवतायत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भाषा हे साधन, तेव्हा शाळेत व्याकरण, संभाषण आणि अर्जलेखन एवढंच शिकवा. धडे-कविता म्हणजे दुसऱ्याची संस्कृती मुलांच्या गळी उतरवणं. सोलापुरात तर निम्म्या घरांत मराठी बोलतच नाहीत. पर्यावरण विज्ञानाच्या पुस्तकात आहे, ते मराठीच्या तासाला कशाला? साहित्याने नोकरी मिळत नाही. आणि आता निबंध मोबाइलच लिहून देतो.

मी मराठी शिकवतो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे. तो धरूनच पुढचं वाचा.

‘भाषा हे फक्त साधन आहे’

अर्जलेखनाचंच उदाहरण घेऊ, कारण मजकुराला तेच हवंय. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी आठवडा झाला तरी आलं नाही, म्हणून महापालिकेला अर्ज करायचाय. पुस्तकातला नमुना घेतला तर ‘वरील विषयास अनुसरून’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं येतं, आपल्या गल्लीत काय चाललंय तेवढं येत नाही. कुणाच्या अंगणात हौद आहे आणि कुणाकडे दोनच घागरी आहेत, पाणी रात्री दोनला सुटतं तेव्हा कोण जागं असतं, शेवटच्या घरापर्यंत धार पोचते का, हे त्यात येत नाही. यातलं काय सांगायचं आणि काय गाळायचं, ही निवड व्याकरणाच्या तक्त्यातून कळत नाही. ती गोष्टी वाचून कळते. लेखकाने दहा तपशिलांतला एकच का ठेवला, हे मूल वर्गात वाद घालून शिकतं. साहित्य काढून टाकलं तर अर्जलेखनही लंगडं होणार, ही मजकूर लिहिणाऱ्याची मोठी अडचण आहे.

‘मराठी धड्यांतली संस्कृती सोलापूरची नाही’

हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. ‘निम्म्या घरां’चा आकडा कुठून आणला ते मजकुरात नाही. पण पूर्व भागात घराघरांत तेलुगू आहे, शहरभर कन्नड आहे, दखनी-उर्दू आहे, हे सांगायला आकडा लागत नाही. तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा इथे आहेत, आणि पुण्याची बालभारती त्या माध्यमांचीही पुस्तकं छापते.

घोळ होतो तो पुढच्या उडीत. घरात तेलुगू, म्हणून मराठी परकी, असं मजकूर गृहीत धरतो. आपल्या जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या देवळात शके ९४० म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. याच जिल्ह्यात कन्नड शिलालेखही गावोगाव आहेत. ज्यांच्या नावाने हे शहर हात जोडतं त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं रचली ती कन्नडमध्ये, आणि तळंही खोदवलं. संक्रांतीला त्यांचे सात नंदीध्वज निघतात तेव्हा वेगवेगळ्या समाजांचा मान असतो, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं चार भाषांत ‘बाजूला सरका’ म्हणत असतात. सावता माळी माढा तालुक्यातल्या अरणचे, चोखोबा मंगळवेढ्याचे, शाहीर रामजोशी या शहरातले. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं मराठी वृत्तपत्र चालवायचे. यातलं ‘दुसऱ्याचं’ नेमकं कोणतं आणि कुणासाठी, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

राहिला सक्तीचा प्रश्न. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, माध्यम बदललं नाही. शिवाय इतर माध्यमांच्या मुलांसाठी मराठीची वेगळी पुस्तकं आहेत, सुलभभारती आणि अक्षरभारती. तेलुगू माध्यमाचा वर्ग रिकामा होत असेल तर ती मुलं इंग्रजी माध्यमाकडे जातात. त्यांना कवितेने पळवून लावलेलं नाही.

आता तथ्याचा अंश. ‘माझी आई’ हा निबंध तपासायला घ्या. चाळीस वह्यांत चाळीस आया पहाटे उठतात, सडा-रांगोळी करतात, देवपूजा करतात, ‘प्रेमाने डोक्यावरून हात फिरवतात’. त्याच वर्गात कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात. तेंदूची पानं भिजवायची, कातरीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, आणि मजुरी हजार विड्यांमागे. कुणाचे वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, म्हणून दिवसा घरात मोठ्याने बोलायचं नाही. वहीत यातलं एक अक्षर उतरत नाही. मुलाला वाटतं, हे निबंधात लिहायचं नसतं. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही, पण ‘लिहायचं असतं’ असंही सांगितलेलं नाही.

मजकूर यावर उपाय सुचवतो: साहित्यच काढा. माझ्या मते उपाय बरोबर उलटा आहे. कामगारांच्या वस्तीतून आलेल्या कविता, दलित आत्मकथनं, भटक्या-विमुक्तांचं लेखन मराठीत भरभरून आहे. त्यातलं एखादं पान मोठ्याने वाचून दाखवलं की मागच्या बाकावरचं पोरगं मान वर करतं. आपल्या घरातली गोष्ट पुस्तकात चालते, ही बातमी त्याला तिथेच मिळते, संभाषणाच्या तक्त्यात नाही. सिद्धरामेश्वरांच्या एखाद्या वचनाचा मराठी अनुवाद सावतोबांच्या अभंगाशेजारी ठेवा, आणि कन्नड घरातल्या मुलीला मूळ वचन म्हणून दाखवायला सांगा. त्या तासाला मराठी कमी शिकवली गेली, असं कुणी म्हणून दाखवावं.

‘पर्यावरण विज्ञानात आहे, कवितेने झाड वाचत नाही’

इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

शाळा-कॉलेजांत पर्यावरण शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. आपल्याकडे तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, वर विज्ञान-भूगोल आहे. माहितीचा तुटवडा नाही. आता नान्नजकडे बघा. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, शहरापासून हाकेच्या अंतरावर. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. या पक्ष्याला उघडा, गवताळ माळ लागतो. तो जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो, आणि धोका लांबून दिसावा म्हणून त्याला मोकळी नजर हवी असते. त्या माळावर झाडं लावली की त्याचं घर मोडतं. हे पुस्तकात असतं, परीक्षेत येतं, आणि जुलैमध्ये आपण हौसेने माळावर वृक्षारोपण करून फोटो टाकतो. कारण मनातलं निसर्गाचं चित्र हिरवं आहे. पिवळा, खुरटा, काटेरी माळ आपल्याला निसर्ग वाटतच नाही, ती रिकामी जागा वाटते.

हे चित्र मनात बसवलं कुणी? बऱ्याच अंशी भाषेच्या आणि चित्रकलेच्या तासाने. सोलापुरातलं कुठलंही पोर निसर्गचित्र काढताना दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळ काढतं. (उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि नारळ!) ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात तर कमालच. हिरवेगार गालिचे, खळाळणारे ओढे, दरीत उतरणारं धुकं. हा पाऊस कोकणातला आहे. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो. जून बऱ्याचदा वाऱ्यातच जातो, आपला खरा पाऊस ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात, म्हणूनच हा रब्बीचा जिल्हा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी याच पावसाच्या ओलीवर उभ्या राहतात. आणि कधी हाच पाऊस सप्टेंबर २०२५ सारखा सीनेला महापूर आणतो, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांतून बोटीने माणसं काढावी लागतात. आपल्या पावसाबद्दल लिहायला एवढं सगळं समोर आहे, आणि मूल लिहितं धुकं.

विज्ञानाचा तास त्याला मिलिमीटर सांगेल. पण मघा नक्षत्र कोरडं गेलं तर घरात काय बोलणं होतं, आजोबा आकाशाकडे बघून कुठली म्हण टाकतात, बैल विकायचा विषय कधी निघतो, हे शब्दांत धरायला भाषेचाच तास लागतो. साहित्याने झाड वाचत नाही, हे मान्य. पण कुठली जागा वाचवण्यालायक आहे, हे आधी डोळ्याला कळावं लागतं. डोळ्याला ही सवय वाचनाने लागते, चुकीचीही लागते आणि बरोबरही.

बरोबर सवय लावणारं या जिल्ह्यात कमी नाही. मार्गशीर्षात अमावास्येला अक्कलकोट-बार्शीकडची माणसं येळवस या सणाला शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, भज्जी-उंडे-आंबील शेजारच्या बांधावर हाक मारून वाढतात. नवरात्राच्या सुमारास पूर्व भागातल्या तेलुगू बायका बतुकम्मा रचतात ती तरवडाच्या पिवळ्या आणि कुरडूच्या गुलाबी फुलांची. दोन्ही आपल्या माळावरची, कुणी न लावलेली झाडं. बतुकम्माचं वर्णन मराठीत लिहायला दिलं तर तेलुगू घरातलं मूल वर्गात सगळ्यांत जाणकार ठरतं, आणि बाकीच्यांना कळतं की रस्त्याकडेचं ते झुडूप तण नाही. संस्कृती, ओळख, पर्यावरण आणि मराठीचे गुण, चारही एका निबंधात. मजकुराच्या मते या चार गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायच्या असतात.

आणि ‘मराठीचा न् पर्यावरणाचा काय संबंध’ हे सोलापुरात बसून विचारणं म्हणजे हद्द झाली. मारुती चितमपल्ली याच शहरात १९३२ मध्ये जन्मले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथेच गेले. आडनाव तेलुगू, नोकरी वनखात्यात, लेखन मराठीत. २००६ चं साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. पक्ष्यांची, झाडांची गावोगावची नावं त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून, जुन्या ग्रंथांतून गोळा केली आणि पक्षिकोश रचला. ते विज्ञान होतं की साहित्य, याचा निकाल मजकूर लिहिणाऱ्याने लावून टाकावा.

‘साहित्याने नोकरी मिळत नाही’

बारावीचं मराठीचं पुस्तक उघडून तरी बघायचं होतं. उपयोजित मराठीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख हे सगळं आहे. ज्या स्पर्धा परीक्षांसाठी हेच पालक पुण्यात खोल्या शोधतात, तिथे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो आणि मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. सगळ्यांना मराठीवर नोकरी मिळेल, असं मी म्हणणार नाही. ती भूगोलावरही मिळत नाही, पण भूगोल काढा असा फॉरवर्ड अजून आलेला नाही.

‘निबंध आता मोबाइल लिहितो’

लिहितो. ‘माझी आई’ही लिहितो, आणि तीही पहाटे उठून सडाच घालते. गाइड हेच काम आधीपासून करत होतं, मोबाइलने वेळ वाचवला एवढंच.

खरा राग इथे काढायला हवा होता. ठरावीक प्रश्न, ठरावीक उत्तरं, ‘कवीला काय सांगायचे आहे’च्या खाली पाठ केलेल्या पाच ओळी, आणि वेगळं लिहिलं तर गुण जाण्याची भीती. यातून मूल कवितेपासून पळतं, आणि त्याच्या पालकाला कविताच नको वाटते. पालकांच्या कंटाळ्याशी मी सहमत आहे, त्यांनी धरलेल्या आरोपीशी नाही. शाळेच्या पालकसभेत एकच मागणी करून बघा: घटक चाचणीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ऐवजी ‘आमच्या भागातला गेल्या वर्षीचा पाऊस’ विचारा, ‘माझी आई’ऐवजी ‘आमच्या घरातलं एक काम, पायरीपायरीने’ विचारा, आणि उत्तरात दरी, धुकं, नारळ आला तर गुण कापा. यासाठी पुस्तक बदलावं लागत नाही, सरकारी आदेशही लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणारे सर किंवा मॅडम तयार असले की झालं.