पाच ब्रेड, थोडी बुरशी आणि भलताच निष्कर्ष

शाळा उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोच शिक्षकांच्या ग्रुपवर तो फोटो येतो. पाच पिशव्या, प्रत्येकीत ब्रेडचा एकेक तुकडा, वर चिठ्ठ्या: ‘न शिवलेला’, ‘न धुतलेले हात’, ‘साबणाने धुतलेले हात’, ‘सॅनिटायझर’, ‘मोबाईलवर घासलेला’. पहिला आणि तिसरा तुकडा पांढरा, बाकी तिन्हींवर हिरवी-काळी बुरशी. अमेरिकेतल्या एका शाळेतला असाच फोटो 2019 मध्ये जगभर फिरला होता. आपल्याकडच्या अवतारात खाली साधारण हा मजकूर असतो: ‘हेच ते जंतू, ज्यांच्यामुळे मुलांना गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड होतो. साबणाने सगळे मरतात, सॅनिटायझर थोतांड आहे. पांढरा तुकडा म्हणजे शून्य जंतू. कुठल्याही शाळेत करा, निकाल हाच येणार.’

जेवायच्या आधी आणि संडासहून आल्यावर हात साबणाने धुवायचेच, त्यावर वाद नाही. वाद आहे तो पुराव्याचा. सातवी-आठवीच्या पोरांना प्रयोग म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर हा फोटो चांगला आहे, पण चुकीचा प्रयोग कसा असतो ते दाखवायला.

‘हेच ते जंतू’

नाहीत. ब्रेडवर दिसतं ते कवक, म्हणजेच बुरशी. कापसासारखी पांढरी आणि वर काळे ठिपके असलेली बहुधा रायझोपस, निळसर हिरवी पेनिसिलियम, काळ्या भुकटीसारखी अ‍ॅस्परजिलस. यांचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, हवेत कायम तरंगत असतात. टायफॉइड आणि कॉलरा जिवाणूंमुळे होतात. ते ब्रेडवर असले तरी असा हिरवा-काळा लोकरीसारखा थर दिसणार नाही. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे तर विषाणू. जिवंत पेशीबाहेर त्यांची वाढ होतच नाही, मेलेल्या गव्हाच्या पिठावर ते वाढायचे कुठून? शिवाय आकार बघा. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू साधारण 3 ते 5 मायक्रॉनचा, हिपॅटायटिस एचा विषाणू 27 ते 30 नॅनोमीटरचा (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे शंभर पटींहूनही लहान.

जिवाणू, विषाणू, कवके, आदिजीव हे वर्ग आपण वर्गात पाठ करून घेतो आणि व्हरांड्यात चारही एकाच पिशवीत कोंबतो. पोरं मग उत्तरपत्रिकेत ‘कावीळ बुरशीमुळे होते’ असं लिहितात. चूक त्यांची नाही.

‘साबण जिंकला, सॅनिटायझर हरलं’

इथे जरा थांबायला हवं, कारण खोट इथेच आहे. बुरशीला सगळ्यात जास्त हवं असतं ते पाणी. साबणाने हात धुऊन नीट वाळवले नाहीत तर तुकड्यावर पाणी जातं आणि तोच आधी बुरसतो. प्रदर्शनात हा उलटा निकाल अगदी नेहमीचा आहे, आणि तो आला की गुपचूप तुकडा बदलला जातो, हेही काही नवं नाही. फोटोत सॅनिटायझरच्या तुकड्यावर बुरशी आली, कारण अल्कोहोलने बुरशीचे सगळे बीजाणू मरतीलच असं नाही, आणि हातावरचे बीजाणू मेले तरी हवेतले पडतातच. त्यावरून सॅनिटायझर निकामी ठरत नाही. 60 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल, हात मातीने-तेलाने माखलेले नसतील आणि 20 ते 30 सेकंद चोळून वाळू दिलं तर बरेच जिवाणू आणि कोरोनासारखे मेदाचं आवरण असलेले विषाणू त्याने मरतात. हिपॅटायटिस ए, नोरोव्हायरस अशा बिनआवरणाच्या विषाणूंवर ते कमी पडतं. साबणही ‘सगळे मारत’ नाही. तो मुख्यतः सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो, म्हणून चोळणं आणि वाहतं पाणी दोन्ही लागतात.

आणखी एक गोष्ट पाकिटावरच छापलेली असते. ‘परिरक्षक 282’, म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. बुरशी रोखण्यासाठीच ते घालतात. दोन तुकडे दोन पाकिटांतले असतील, किंवा एक कडेचा आणि एक मधला, तर हात सोडाच, तुकड्यांतच फरक आहे.

हात धुण्याचा खरा पुरावा हवा असेल तर तो व्हिएन्नात 1847 साली मिळालेला आहे. एकाच रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात शवविच्छेदन करून येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, कितीतरी जास्त बाया दगावत. तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी त्या विभागातल्या सगळ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले. एप्रिलमधला सुमारे 18 टक्के मृत्युदर जूनमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास आला. तुलनेला दुसरा विभाग होता, बदललेली गोष्ट एकच होती, आणि मोजलं ते बाळंतिणींचे मृत्यू, ब्रेडचा रंग नव्हे.

‘एक-एक तुकडा पुरे, फरक डोळ्याला दिसतो’

हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरजच पडू नये. पेरणीच्या आधी घरचं सोयाबीन बी म्हणून वापरायचं तर शेतकरी काय करतो? शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करतो, पाणी शिंपडत राहतो आणि पाच-सहा दिवसांनी उलगडून कोंब मोजतो. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो, कमी उगवले तर त्या हिशेबाने बियाणं वाढवतो. एक दाणा उगवला म्हणून सगळं पोतं चांगलं, असं कुणी म्हणालं तर पारावर हसं होईल. तोच माणूस शाळेत येऊन एका तुकड्यावर टाळ्या वाजवतो.

हे आकड्यातही दाखवता येतं, आणि त्याला फक्त एक नाणं लागतं. समजा हात धुण्याने बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. तरी दोन तुकड्यांच्या एका जोडीत ‘धुतलेला’ निव्वळ योगायोगाने जिंकण्याची, म्हणजे त्यावर कमी बुरशी येण्याची, शक्यता निम्मी. आठ जोड्या घेतल्या तर आठही जिंकण्याची शक्यता 256 मध्ये 1. किमान सात जिंकण्याची 256 मध्ये 9. किमान सहा म्हटलं तर 256 मध्ये 37, म्हणजे जवळजवळ 14 टक्के. वर्गातल्या प्रत्येक पोराला नाणं आठदा उडवायला लावा आणि छापे फळ्यावर मांडा. आठपैकी सहा छापे कुणाला तरी मिळतातच, हे एकदा पाहिलं की ‘सहा जिंकले, सिद्ध झालं’ असं कोणी सहसा म्हणत नाही.

‘पांढरा म्हणजे शून्य जंतू’

पांढरा म्हणजे अजून डोळ्याला दिसेल एवढी वाढ नाही, इतकंच. टँकरच्या निवळशंख पाण्याबद्दल आपण हीच चूक करतो.

‘कुठल्याही शाळेत करा’

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीन-चार दिवसांत तुकडा हिरवा होतो. तोच एप्रिलात परभणीला 42 अंशांत उघडा ठेवला तर त्याचा टोस्ट होतो, हात धुवा नाहीतर नका धुऊ. बंद पिशवीतही रायझोपस पस्तीस अंशांच्या पुढे मंदावते, अ‍ॅस्परजिलस मात्र तगून राहते. म्हणजे महिन्यागणिक बुरशी वेगळी, निकाल वेगळा.

उन्हाळ्यात आणखी एक धोका आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. काही उत्साही शिक्षक ब्रेड सोडून चायनाग्रासच्या जेलीवर हाताचे ठसे घेतात. कल्पना अस्सल आहे: चायनाग्रास म्हणजेच अगार. 1881 साली जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे यांनी तो सुचवला, कारण तोवर वापरात असलेलं जिलेटिन उबेला वितळायचं. अगार घट्ट झाला की 80 अंशांच्या पुढे नेल्याशिवाय पुन्हा पातळ होत नाही. पण माणसाला आजारी पाडणारे जिवाणू 37 अंशांच्या आसपास जोमाने वाढतात, आणि मेमधली पत्र्याची खोली म्हणजे फुकटचं इनक्युबेटर. अशा खोलीत हाताचे जिवाणू वाढवायचे आणि मग पोरांनी झाकण उघडून वास घ्यायचा, हे नको.

मग करायचं कसं

ब्रेडऐवजी ज्वारीची भाकर घ्या. तिच्यात परिरक्षक नसतं, आणि तव्यावरच्या उष्णतेने पिठातले बहुतेक बीजाणू मेलेले असतात. एकाच पिठाच्या, एकाच वेळी थापलेल्या आठ भाकरी, मीठ न घालता, न करपवता. धुतलेल्या कापडात झाकून गार करा. सुरी आणि चिमटा आचेवर धरून, गार करून मगच वापरा. प्रत्येक भाकरीचे चार चतकोर, म्हणजे 32. आठ पोरं, प्रत्येकाची एक भाकर. पहिल्या चतकोराला त्याने न धुतलेल्या हाताने 10 सेकंद दाबायचं. मग साबणाने 20 सेकंद हात चोळून, धुऊन, हवेत पूर्ण वाळवून दुसऱ्याला तसंच दाबायचं. तिसरा आणि चौथा चतकोर फक्त चिमट्याने उचलायचा. पहिल्या तिन्हींवर उकळून गार केलेलं पाणी 1 मिलिलिटर, बिनसुईच्या सिरिंजने थेंब-थेंब पसरून. चौथा कोरडाच ठेवायचा. एकाच पोराचा हात आठ चतकोरांना लावून ‘आठ नमुने’ म्हणायचं नाही, तो एकाच पोराचा हात झाला. प्रत्येक भाकरीत चारही प्रकार असल्यामुळे एखादी भाकर जाड राहिली तरी तुलना बिघडत नाही. कृषी विद्यापीठाच्या चाचणी-शिवारात वाणांचे वाफे याच हिशेबाने मांडतात.

प्रत्येक चतकोर वेगळ्या झिपच्या पिशवीत. हवा दाबून काढू नका. बुरशीला ऑक्सिजन लागतो, आणि एकीतली निघाली, दुसरीतली राहिली तर तोही फरक मोजला जातो. पिशवीवर फक्त 1 ते 32 आकडे, तेही चिठ्ठ्या काढून. कोणता आकडा कशाचा ही यादी दुसऱ्या शिक्षकांकडे बंद पाकिटात. मोजणाऱ्याला ती माहीत असेल तर ‘धुतलेल्या’वरचा ठिपका त्याला पिठाचा डाग वाटतो, हा माणसाचा स्वभाव आहे. पिशव्या खोक्यात, सावलीत, आडव्या. रोज एकाच वेळी, पिशवी न उघडता, वर 1 सेंटिमीटर चौकोनांचा पारदर्शक आलेख ठेवून बुरशीचे चौकोन मोजा, सात दिवस. खोलीचं तापमान सकाळ-दुपार लिहा. एखादा चतकोर बुरशीऐवजी चिकट होऊन तार सुटला तर ते जिवाणूंचं काम, त्याची नोंद वेगळी. बरोबरी झालेल्या जोड्याही वेगळ्या मांडा.

बहुतेक वेळा सर्वांत मोठा फरक तिसऱ्या-चौथ्या चतकोरात, म्हणजे ओल्या आणि कोरड्यात दिसेल. धुतलेल्या-न धुतलेल्यात आठपैकी पाच असा निकाल आला तर वहीत ‘या प्रयोगातून फरक ठरला नाही’ असं लिहायचं आणि त्याला पूर्ण गुण द्यायचे.

हात धुणं दाखवायचं तर हळद चांगली, हिंगोली-वसमतच्या पोरांना तर ती घरचीच. अर्धा चमचा तेलात पाव चमचा हळद कालवून दोन्ही हातांना चोळा. निम्म्या पोरांनी नुसत्या पाण्याने, निम्म्यांनी साबणाने, दोघांनीही 20 सेकंद धुवून पांढऱ्या कपड्याला पुसायचं. अंगठ्याचं मूळ आणि नखांच्या कडा पिवळ्याच राहिलेल्या दिसतात. साबण लागला की हळद लालसर होते, पोरं दचकतात. साबण आम्लारीधर्मी आहे, एवढं सांगून पुढे जा.

गॅस्ट्रो-टायफॉइडशी नातं जोडायचं असेल तर ब्रेड नव्हे, पाणी तपासा. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायची एच-टू-एसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली मिळते. हापसा, टँकर, रांजण, प्रत्येकाची वेगळी, खुणेपर्यंत भरून 24 ते 48 तास ठेवायची. काळी झाली तर पाण्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शंका. काळी न झाल्याने विषाणू नाहीत असं ठरत नाही, आणि काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधकाचा वास असतो, तिथे बाटली उगाच काळी होऊ शकते.

शेवटी पिशव्यांची विल्हेवाट, जी बहुतेक ठिकाणी घंटागाडीत होते. दम्याच्या पोरांना लांब ठेवा. पिशव्या उघडायच्या नाहीत. 5 लिटर पाण्यात 75 ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवली की सुमारे अर्धा टक्का क्लोरीन होतो. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो, ती नको. मास्क आणि हातमोजे घालून, उघड्यावर, शिक्षकांनीच पिशवी द्रावणात बुडवून कोपरा आतल्या आतच कापायचा आणि 24 तास तसंच ठेवायचं. त्याच बादलीत संडासचं अ‍ॅसिड कधीही ओतायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मग भाकर हापशापासून लांब दीड फूट खड्ड्यात, प्लास्टिक धुऊन वेगळं. माती नीट दाबा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.